प्लेअर कशाने तापतो आणि आवाजातले किती सोडावे लागते

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतरांनाही कळेल. आपण डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज लोकलने जाता. अलीकडेच घेतलेला अँड्रॉइडवर चालणारा म्युझिक प्लेअर आपण क्लास ए मोडवर (अँप्लिफायरमधून सतत जास्त करंट वाहू देणारा मोड), हाय गेनवर (सिग्नल अधिक वाढवणारे सेटिंग), ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकमधून आणि १६ ओहमच्या इयरफोनने ऐकता. दादर येईपर्यंत तो हातात धरवत नाही, सांगितलेल्या नऊ तासांऐवजी बॅटरी पाच तासांत संपते, आणि रात्री चार्जिंगला लावून ऐकू लागलात की चार्जिंग मध्येच थांबते. हा दोष आहे का, आणि उष्णता कमी करायची तर आवाजाचा दर्जा सोडावा लागेल का, असे आपण विचारले आहे.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर ध्वनिउपकरणे दुरुस्त करण्याच्या कामात मला वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तक्रारीचे प्लेअर टेबलावर येतात. माझे मत असे, की बहुधा दोष नाही, आणि आपल्या इयरफोनपुरते बोलायचे तर सोडण्यासारखे काही नाही. हे मत पटावे म्हणून थोडा हिशेब करावा लागेल. तो कागदावर मावेल इतकाच आहे.

सुरुवात बॅटरीपासून करू. आपण तिची क्षमता ४५०० एमएएच कळवली आहे. ३.८५ व्होल्टने गुणले की ती सुमारे १७.३ वॅट-तास होते. ही वीज पाच तासांत संपते, म्हणजे प्लेअर सरासरी साडेतीन वॅट खातो. त्यांतील इयरफोनपर्यंत किती पोहोचते, हे पाहिले की माणूस चकित होतो. साधारण १६ ओहमचा इयरफोन एका मिलिवॅटला १०५ डेसिबल देतो असे धरले, तर ८५ डेसिबलच्या पातळीवर ऐकण्यासाठी त्याला एका मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो. तबल्याची थाप किंवा झांजेचा आघात सरासरीपेक्षा २० डेसिबल वर गेला, तरी त्या क्षणी लागतो एकच मिलिवॅट. उरलेली सगळी वीज प्लेअरच्या आतच उष्णता होऊन राहते. त्यामुळे बॅटरीचे वॅट-तास भागिले ती टिकलेले तास, हाच त्या प्लेअरच्या उष्णतेचा आकडा. कोणताही प्लेअर विकत घेण्यापूर्वी हा भागाकार करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण जाहिरातीत उष्णतेचा उल्लेख नसतो पण बॅटरीची क्षमता आणि तास हे दोन्ही आकडे असतात.

यातून पहिला गैरसमज दूर होतो. प्लेअर मोठ्या आवाजाने तापतो असे बहुतेकांना वाटते आणि म्हणून ते आवाज दोन टप्पे खाली आणून पाहतात. इयरफोनच्या बाबतीत त्याने काहीच फरक पडत नाही, कारण क्लास ए अँप्लिफायरमध्ये गाणे वाजत असो वा दोन गाण्यांमधली शांतता असो, आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांतून ठरावीक करंट सतत वाहत असतो. आमच्या कामात त्याला बायस किंवा आयडल करंट म्हणतात. समजा प्लेअरच्या आत अँप्लिफायरला अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट मिळतात, आणि बायस ४० मिलिअँपिअर आहे. दहा व्होल्ट गुणिले ४० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँप्लिफायरमागे ०.४ वॅट. बॅलन्स्ड जोडणीत दोन्ही कानांसाठी प्रत्येकी दोन, असे चार अँप्लिफायर चालतात, म्हणजे १.६ वॅट. ही सगळी उष्णता एकही सूर वाजण्यापूर्वीची आहे. बॅटरीच्या व्होल्टेजपासून हे अधिक-उणे ५ व्होल्ट तयार करणाऱ्या सर्किटचे नुकसान तर यात धरलेलेच नाही. (हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक कंपनीचा बायस वेगळा असतो आणि तो सहसा छापत नाहीत.)

आता क्लास एबी या प्लेअरमधल्या दुसऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोडकडे वळतो, कारण उत्तराचा गाभा तेथे आहे. क्लास एबीमध्येही बायस असतो, फक्त कमी असतो. तो ६ मिलिअँपिअर धरू. समोरासमोरच्या दोन ट्रान्झिस्टरांनी काम वाटून घेण्याच्या रचनेत हेडफोनकडे जाणारा करंट बायसच्या दुपटीपर्यंत, म्हणजे येथे १२ मिलिअँपिअरपर्यंत, असेल तोवर दोन्ही ट्रान्झिस्टर चालूच राहतात. त्या मर्यादेच्या आत हा अँप्लिफायर नावाने क्लास एबी असला तरी प्रत्यक्षात क्लास ए म्हणूनच चालत असतो. मर्यादा ओलांडल्यावर एक ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि दुसरा एकटा भार उचलतो. आवाजातल्या ज्या विकृतीची (डिस्टॉर्शनची) चर्चा होते ती या सांध्याच्या जागी उद्भवते. आता आपल्या इयरफोनचा हिशेब पाहा. एका मिलिवॅटसाठी १६ ओहममधून सुमारे ८ मिलिअँपिअर जातो आणि त्याचे टोक ११ मिलिअँपिअरच्या आसपास असते. याचा अर्थ, सर्वांत जोरकस क्षणीही आपला इयरफोन क्लास एबीच्या त्या १२ मिलिअँपिअरच्या कुंपणाबाहेर पडत नाही. त्यापुढचा बायस आपल्या कानांपर्यंत पोहोचतच नाही, तो खिशाला मात्र जाणवतो.

हेडफोन बदलला की हाच हिशेब उलटतो, म्हणून क्लास ए निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्लॅनर प्रकारचा (सपाट, पातळ पडद्याने आवाज काढणारा), ३० ओहमचा आणि एका मिलिवॅटला ९० डेसिबल देणारा हेडफोन घेतला, तर तेवढ्याच पातळीवर टोकाच्या क्षणी त्याला ३२ मिलिवॅट, म्हणजे सुमारे एक व्होल्ट लागतो आणि करंटचे टोक ४६ मिलिअँपिअरपर्यंत जाते. येथे ६ मिलिअँपिअरचा बायस सांध्यावरून पुन्हा पुन्हा जाईल आणि ४० मिलिअँपिअरचा जाणार नाही. या ठिकाणी उष्णता सोसण्याला कारण आहे. तिसरा प्रकार ३०० ओहमच्या जुन्या पद्धतीच्या हेडफोनचा. त्याला व्होल्टेज हवे असते, करंट नाही. एका मिलिवॅटला ९७ डेसिबल धरले, तर टोकाला सुमारे १.४ व्होल्ट लागतो, पण करंटचे टोक साडेसहा मिलिअँपिअरच्या आसपासच राहते. अशा हेडफोनसाठी हाय गेन घ्यावा आणि मोड क्लास एबीच ठेवावा. ग्राहकाला मी ‘कोणता प्लेअर?’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘कानाला काय लावता?’

गेनचाही हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही प्लेअरमध्ये हाय गेन म्हणजे केवळ सिग्नल अधिक वाढवणे असते आणि त्याने उष्णता फारशी बदलत नाही. काहींमध्ये मात्र हाय गेनबरोबर अँप्लिफायरचा पुरवठाही अधिक व्होल्टचा केला जातो. त्या वेळी बायस तोच राहिला तरी गुणाकारातला व्होल्टेजचा आकडा वाढतो, आणि शांत उभ्या प्लेअरच्या अँप्लिफायरची उष्णता त्याच प्रमाणात वाढते. आपल्या प्लेअरमध्ये कोणता प्रकार आहे हे माहितीपत्रकात बहुधा सापडणार नाही. दोन्ही सेटिंगवर बॅटरी किती तास टिकते हे पाहिले की कळते. संवेदनशील इयरफोनला लो गेनचा आणखी एक लाभ आहे: पार्श्वभूमीची सळसळ कमी होते आणि आवाजाच्या पातळीवर बारीक नियंत्रण मिळते.

आता हे साडेतीन वॅट मुंबईत कोठे जातात ते पाहू. साधारण १२ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि १८ मिलिमीटर जाड प्लेअरचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे २३६ चौरस सेंटिमीटर असतो. स्थिर हवेत असा पृष्ठभाग दर अंश फरकामागे साधारण पाव वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणून साडेतीन वॅट बाहेर जाण्यासाठी प्लेअरला भोवतालच्या हवेपेक्षा १४-१५ अंशांनी गरम व्हावेच लागते. ३४ अंशांच्या दुपारी तो ४९ अंशांवर जाईल. त्याच दुपारी १.९ वॅटचा प्लेअर ४२ अंशांवर थांबेल. कातडीला इजा होण्याच्या प्रचलित मर्यादा पाहिल्या, तर सलग १० मिनिटे स्पर्श असेल तेव्हा ४८ अंश आणि आठ तास किंवा अधिक काळ स्पर्श असेल तेव्हा ४३ अंश मानले जातात. म्हणजे ‘हातात धरवत नाही’ ही आपली तक्रार काल्पनिक नाही, आणि तो प्लेअर पँटच्या खिशात ठेवणे खरोखरच योग्य नाही. खिशात हवा हलत नाही, आणि आपण वर चामड्याचे कव्हर घातले आहे. चामडे उष्णता फार मंदपणे वाहून नेते, त्यामुळे आतले तापमान आणखी वर जाते.

दादरपर्यंत तो सोसवेनासा होतो याचेही कारण हिशेबात आहे. ३५० ग्रॅमच्या प्लेअरला पूर्ण तापायला तासभर लागतो: पहिल्या वीस-बावीस मिनिटांत वाढीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पार पडतो आणि मग वेग मंदावतो. ठाण्याला तो कोमट लागतो आणि दादरला कमाल तापमानाच्या जवळ पोहोचलेला असतो. दुकानात दहा मिनिटे हाताळून ‘हा तापत नाही’ असे ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. जड धातूच्या आवरणाबद्दलचा समजही तपासून घ्यावा. सोनीने २०१६ मध्ये एकाच पिढीचे दोन वॉकमन आणले होते, एक तांब्याच्या आवरणाचा ४५५ ग्रॅमचा आणि दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा २६७ ग्रॅमचा. जड आवरण तापायला अधिक वेळ घेते आणि एखाद्या जागची उष्णता सर्वत्र पसरवते, पण पृष्ठभाग तेवढाच असेल आणि वॅटही तेवढेच असतील, तर शेवटचे तापमान जवळपास तेच राहते. त्या मालिकेत डिजिटल अँप्लिफायर होता, आणि त्यात बायसचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. त्यामुळे तेथे तांबे उष्णतेसाठी नव्हतेच. याच्या दुसऱ्या टोकाला फिओचा एम १७ आहे: ६१० ग्रॅम वजन, ९२०० एमएएचची बॅटरी, आणि टेबलावर पूर्ण ताकदीने चालवण्यासाठी पंखा असलेला स्टँड. तो पंखा प्रामाणिकपणाचा आहे असे मी मानतो. एवढी वीज एवढ्या पेटीत जिरवायची तर हवा हलवावीच लागते, हे निर्मात्याने तेथे मान्य केले आहे.

मुंबईच्या दमट हवेला अनेकजण दोष देतात. आपल्याला उकडते कारण घाम वाळत नाही. प्लेअरला घाम नाही. त्याच्या थंड होण्यावर आर्द्रतेचा परिणाम नगण्य असतो, हवेच्या तापमानाचा असतो. दमटपणा त्रास देतो तो वेगळ्या मार्गाने. मे-जूनमध्ये एसी लोकलमधून किंवा एसी कार्यालयातून बाहेर आल्यावर चष्म्यावर जसे धुके जमते, तसेच थंड पडलेल्या धातूच्या प्लेअरवर आणि जॅकच्या आतल्या संपर्कांवरही पाणी जमते. बाहेर पडण्यापूर्वी तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढावा. गंजलेले ४.४ मिलिमीटरचे जॅक मी तापून बिघडलेल्या अँप्लिफायरांपेक्षा अधिक बदलले आहेत.

ऊन ही मात्र खरी आपत्ती आहे. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट पडतात, म्हणजे खिडकीच्या कडेवर आडव्या ठेवलेल्या काळ्या प्लेअरवर सात-आठ वॅट. त्याच्या स्वतःच्या उष्णतेच्या ही दुप्पट आहे. दरवाजाजवळच्या किंवा पंख्याखालच्या हलत्या हवेत उलट घडते आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सहज दुप्पट होते. लोकलच्या गर्दीत जागा निवडता येत नाही हे मी जाणतो, पण शर्टाच्या वरच्या खिशात, कव्हराशिवाय आणि पडदा बाहेरच्या बाजूला ठेवून प्लेअर ठेवणे जमण्यासारखे आहे.

प्रोसेसरचा वाटा आपण विचारलेला नाही, तरी थोडक्यात सांगतो. फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता आकाराने लहान केलेले गाणे) उलगडणे हे आजच्या प्रोसेसरला क्षुल्लक काम आहे. ते उष्णतेचे कारण नाही. चालत्या गाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून वायफायने स्ट्रीमिंग, उजळ पडदा, साध्या फाइलचे डीएसडी या वेगळ्या ध्वनिस्वरूपात रूपांतर आणि नवे मेमरी कार्ड घातल्यावर चालणारी गाण्यांची नोंदणी ही खरी खर्चाची कामे आहेत. २०१७ चा १४ नॅनोमीटरचा स्नॅपड्रॅगन ६६० अजूनही अनेक प्लेअरमध्ये दिसतो, तर २०२१ चा स्नॅपड्रॅगन ६८० सहा नॅनोमीटरचा आहे आणि तीच कामे कमी विजेत करतो. प्रवासातली गाणी आदल्या रात्री उतरवून घेणे, हा प्रोसेसर न बदलता मिळणारा सर्वांत मोठा लाभ आहे.

आता चार्जिंग, कारण खरे नुकसान तेथे होते. लिथियम-आयन बॅटरी वापरताना साधारण ६० अंशांपर्यंत सोसते, पण तिला चार्ज करण्याची मर्यादा सामान्यतः ४५ अंश असते. बॅटरीशेजारी बसवलेला तापमानाचा सेन्सर ही मर्यादा ओलांडली की चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. आपल्या प्लेअरने मध्येच चार्जिंग थांबवले तो बिघाड नव्हता, संरक्षण होते. १८ वॅटच्या जलद चार्जिंगमध्ये दहा टक्के वीज जरी वाया गेली तरी ती १.८ वॅट उष्णता होते, त्यात क्लास एचे साडेतीन वॅट मिळवले की घरातल्या ३१ अंशांतही बॅटरी ५० अंशांच्या पुढे जाते. पूर्ण भरलेली आणि गरम अशा दोन्ही अवस्था एकत्र आल्या की तिचे आयुष्य वेगाने घटते. दर दहा अंशांना झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असा आमचा ढोबळ ठोकताळा आहे. माझ्याकडे आलेल्या एका ग्राहकाने उत्तम प्लेअर वर्षभर टेबलावर चार्जर लावलेल्या स्थितीत, क्लास ए मोडवर चालवला होता. आत बॅटरी फुगून तिने पडद्याची एक कड वर उचलली होती. अँप्लिफायर निर्दोष होता, आवाज निर्दोष होता, आणि प्लेअर बंद करून ठेवण्यावाचून इलाज नव्हता. हे पाहून मला खरोखर वाईट वाटले, कारण ते टळण्यासारखे होते. पडद्याची किंवा मागच्या काचेची कड उचललेली दिसली, तर ती दाबून बसवू नये, चार्जिंग तत्काळ बंद करावे आणि बॅटरी स्वतः काढू नये. टेबलावर वापरायचा असेल तर काही प्लेअरमध्ये बॅटरीला वगळून बाहेरची वीज थेट घेण्याचा डेस्कटॉप मोड असतो. तो असेल तरच चार्जर लावून ऐकावे. नसेल तर आधी थंड स्थितीत, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरने ८० टक्क्यांपर्यंत भरावा आणि मग ऐकावे.

शेवटी दोष नाही याची खात्री कशी करावी ते सांगतो. चार संध्याकाळी एकच अल्बम, आवाजाची एकच पातळी, वायफाय बंद आणि पडदा बंद ठेवून १०० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत किती तास लागतात ते लिहा: पहिल्या दिवशी आजचेच सेटिंग, दुसऱ्या दिवशी क्लास एबी, तिसऱ्या दिवशी क्लास एबी आणि लो गेन, चौथ्या दिवशी त्यासह ३.५ मिलिमीटरचा साधा जॅक. तापमान मोजायचे असल्यास थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर वापरा. इन्फ्रारेड गनने चकचकीत धातूचे तापमान बरेच कमी दिसते, म्हणून गनच असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. उष्णता साऱ्या अंगावर सारखी पसरलेली असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तास नऊच्या हिशेबात (म्हणजे या ८० टक्क्यांना सुमारे सात) जात असतील, तर प्लेअर निरोगी आहे. तो क्लास एबी, लो गेनवर ठेवा, आणि क्लास ए पुढे कधी प्लॅनर हेडफोन घेतलात तर घरी पंख्याखाली वापरा.

क्लास एबीवरही बॅटरी पाच-सहा तासांतच संपली, एकाच कोपऱ्यात चटका बसू लागला, किंवा स्टँडबायमध्ये रात्रभरात पंधरा-वीस टक्के उतरले, तर मात्र बायसचे सर्किट तपासावे लागेल. ट्रान्झिस्टर एका अंशाने तापला की त्याला चालू राहण्यासाठी लागणारे व्होल्टेज सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते, आणि ही घट भरून काढणारा भाग नीट काम करत नसेल तर उष्णता करंट वाढवते आणि करंट उष्णता वाढवतो. असा प्लेअर वॉरंटीत स्वतः उघडू नका. चारही संध्याकाळचे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून तो विक्रेत्याकडे न्या. ‘तापतो’ या शब्दाला काउंटरवर उत्तर मिळत नाही, पण सेटिंगनिहाय तासांच्या नोंदीला द्यावे लागते.